बारा लाख साठ हजारांची जुळवाजुळव

विहिरीला पैसे मिळतात. शाळाखोलीला मिळतात. रुग्णवाहिकेला तर लवकर मिळतात, कारण तिच्या दारावर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. पण गावातल्या तीस पोरापोरींना वर्षभर ग्रामसभा चालवायला, वनहक्काचा दावा वाचायला, तेंदूपानांच्या लिलावात ठेकेदारासमोर बसायला शिकवायचंय म्हटलं की समोरचा विचारतो, "पण त्यातून उभं काय राहणार?" गडचिरोलीच्या उत्तर भागात, कोरची-कुरखेड्यापासून वडसा आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीपर्यंत, २० गावांतल्या ३० जणांसाठी असा कार्यक्रम उभा करताना हा प्रश्न आम्हाला दर बैठकीत आला. पैसे कसे जमवले, कुठे अडलो, कशामुळे अडलो, ते आकड्यांसकट इथे मांडतोय. असं काम करू पाहणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

देणगी मागायला बाहेर पडण्याआधी कॅलेंडर ठरवलं. आमच्याकडे खर्च कॅलेंडरवरच ठरतो. जुलैत रोवणी आणि मे महिन्यात तेंदू, या दोन महिन्यांत घरातला एकही हात मोकळा नसतो. तेव्हा शिबिर लावलं तर येणाऱ्याची मजुरी बुडते आणि बाया तर येऊच शकत नाहीत. म्हणून हे दोन महिने वगळून उरलेले १० महिने, दर महिन्याला दोन दिवसांचं निवासी शिबिर.

मग एकेक ओळ लिहिली. जेवण-मुक्काम माणशी दिवसाला ४५० रुपये, पण माणसं ३० धरायची नाहीत, ३५ धरायची. प्रशिक्षक, संयोजक हे तर असतातच. शिवाय तान्हं बाळ घेऊन येणाऱ्या बाईबरोबर तिची सासू किंवा बहीण येते. ती आली नाही तर बाई दुसऱ्या महिन्यापासून गळते. ही पाच माणसं अंदाजपत्रकात नसली की स्वयंपाकाचं बिल दर वेळी वाढून येतं आणि देणाऱ्याला त्याचा खुलासा करत बसावं लागतं. तर ३५ माणसं, २ दिवस, १० शिबिरं मिळून ३,१५,०००. प्रवासभाडं सरासरी २५० धरून ७५,०००. दोन प्रशिक्षकांचं मानधन दिवसाला प्रत्येकी ३,००० म्हणजे १,२०,०००, त्यांचा प्रवास ३०,०००. वह्या, कायद्यांच्या मराठी प्रती, नकाशे मिळून माणशी ८०० प्रमाणे २४,०००. मेंढा-लेखा आणि पाचगाव या सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांचा तीन दिवसांचा अभ्यासदौरा, बस, मुक्काम आणि यजमान ग्रामसभांच्या मानधनासह, १,१२,५००. संयोजकाचा पगार महिना २२,००० प्रमाणे बारा महिन्यांचा २,६४,०००, त्याच्या गावभेटी ४८,०००. प्रत्येकाला गावात एक छोटं काम करून दाखवायला ५,००० प्रमाणे १,५०,०००. हिशेब आणि लेखापरीक्षण ४०,०००, कार्यालय-फोन ३०,०००. अचानक लागेल त्यासाठी ५१,५००. बेरीज १२,६०,०००, माणशी ४२,०००.

हे माणशी ४२,००० फार कामाला आले. "बारा लाख हवेत" म्हटलं की माणूस खुर्चीत मागे सरकतो. "एका मुलीचं वर्ष ४२,०००, एक शिबिर ४,२००" म्हटलं की तो हिशेब करू लागतो. मात्र पगाराची ओळ कुणी कापायला सांगितली तर ऐकायचं नाही. नेतृत्व शिबिराच्या दोन दिवसांत घडत नाही. उरलेल्या अठ्ठावीस दिवसांत ती मुलगी ग्रामसभेत उभी राहते तेव्हा तिच्या मागे बसलेला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजेच ती २,६४,००० ची ओळ. पगार कापून मंडपावर खर्च करणारे कार्यक्रम आम्ही पाहिलेत. त्यात फोटो चांगले येतात.

पैसे कुणाचे घ्यायचे हे दोन नियमांनी आधीच ठरवलं आणि आमच्या संस्थेच्या विश्वस्तांच्या बैठकीत ठराव करून लिहून ठेवलं. पहिला नियम, कुठल्याही एका देणाऱ्याचा वाटा ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्याने हात काढला तरी कार्यक्रम अर्ध्यात मोडू नये. दुसरा नियम जास्त जड गेला. गडचिरोली-चंद्रपुरात सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्च करायचा, मोठा पैसा खाणी, कोळसा, सिमेंट, लोखंड यांच्याकडे आहे. ज्या कंपनीची खाण, किंवा खाणीचा नुसता प्रस्ताव, आमच्या २० गावांपैकी एकाच्याही हद्दीत वा जंगलात आहे तिच्याकडे मागायचंच नाही, असं ठरवलं. पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जो बोलायचा अधिकार दिलाय तोच तर आम्ही शिकवतो. ज्याच्याबद्दल ग्रामसभेने मोकळेपणाने मत द्यायचं, त्याच्याच पैशाचं जेवण शिबिरात असेल तर त्या तीस जणांच्या घशात शब्द अडकणार. हे उदारपणाचं बोलणं वाटेल, पण याची किंमत होती. सगळ्यात सहज मिळणारी रक्कम आम्ही दारातूनच परत पाठवली आणि तेवढी जमवायला पुढे चार महिने लागले. तरी आजही हाच नियम ठेवू.

पहिला रुपया गावातून आणला, शहरातून नाही. प्रत्येक सहभागी शिबिरामागे १०० रुपये देणार, म्हणजे ३०,०००. आणि ज्या गावांना शक्य आहे त्यांच्या ग्रामसभांनी प्रत्येकी ५,०००; १२ गावांनी दिले, ६०,००० झाले. एकूण खर्चाच्या मानाने हे सात टक्के. पण शहरातल्या देणाऱ्यापुढे ठेवायला यापेक्षा वजनदार कागद दुसरा नव्हता.

ग्रामसभेचे ५,००० कुठून येतात हे समजून घ्यायला हवं, नाहीतर चुकीच्या खात्यातून पैसे निघतात आणि लेखापरीक्षणात गावच अडकतं. ज्या ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकतात त्यांच्याकडे स्वतःचा कोष असतो. त्यातून द्यायला ग्रामसभेचा ठराव पुरतो. मात्र तेंदूचे पैसे ठेकेदाराकडून हप्त्यांनी येतात, बरेचदा दिवाळीपर्यंत रखडतात. जूनमध्ये मागितलं तर गाव "हो" म्हणतं आणि देऊ शकत नाही. पेसातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी, म्हणजे एका ठरावीक योजनेला न बांधलेला पैसा, थेट मिळतो. त्याच्या चार भागांपैकी एक वनहक्क आणि पेसाच्या अंमलबजावणीचा आहे, त्यात हे प्रशिक्षण बसतं. पण ते वर्षाच्या आराखड्यात आधी घातलेलं असावं लागतं. ब्रह्मपुरीकडची गावं पेसात नाहीत. तिथे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के वाटा असतो. गावातून बाई सहभागी असेल तर त्यातून तिचं शुल्क निघू शकतं का, हे ग्रामसेवकाशी आधी बोलून घ्यावं.

ठराव कसा होतो तेही सांगतो. सभा संध्याकाळी, जेवणं झाल्यावर भरते. आपण बोलायचं दहा मिनिटं, त्यात रक्कम एकदाच सांगायची. मग बाहेर जाऊन बसायचं. आतला वाद आपल्यासमोर होत नाही. ठरावाच्या वहीत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कोणत्या खात्यातून, गावातून कोण जाणार त्याचं नाव, आणि वर्षाअखेर संस्थेने हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा ही अट. शेवटची अट आम्हीच घालायला सांगायचो. एका गावात ठराव झाला, सह्या-अंगठे झाले, पण वहीत "मदत द्यावी" एवढंच लिहिलं गेलं. बँकेने पैसे सोडले नाहीत. पुन्हा कोरम जमायला दीड महिना गेला.

धान चुरून झालं की, डिसेंबर-जानेवारीत, घरागणिक पायली-दोन पायली धानही गोळा केलं. सव्वाआठ क्विंटल भरलं. इथे एक गोष्ट आधी माहीत असायला हवी होती. हमीभावाच्या केंद्रावर धान शेतकऱ्याच्या नावाने, सातबाऱ्याच्या नोंदणीवरच घेतात. संस्थेचं धान तिथे चालत नाही. खाजगी राईस मिलवाल्याने क्विंटलला २,००० दिले, म्हणजे २०२४-२५ च्या २,३०० च्या हमीभावापेक्षा ३०० कमी. म्हणून सगळं विकलं नाही. ५ क्विंटल विकून १०,००० आले. उरलेल्या सव्वातीन क्विंटलची भरडाई करून शिबिरांना ठेवलं. ३५ माणसं, शिबिरात चार जेवणं, जेवणाला दीडशे ग्रॅम तांदूळ म्हटलं तर शिबिराला २१ किलो आणि दहा शिबिरांना २१० किलो लागतो. धानाचा साधारण ६५ टक्के तांदूळ धरला तर बरोबर तेवढंच. वस्तूच्या देणगीला ८०जीची, म्हणजे देणाऱ्याला प्राप्तिकरात मिळणारी, सूट नसते, त्यामुळे धानाची वेगळी वही ठेवावी. घराचं नाव, माप, तारीख, बस.

महिना ५०० देणारी माणसं शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. नागपूर, पुणे, ठाणे. बहुतेक याच भागातून नोकरीसाठी गेलेली. शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले. साठ जणांनी होकार दिला. कागदावर वर्षाचे ३,६०,००० झाले, हातात ३,००,००० आले. सहावा भाग गळतो, हे धरूनच चाला. गळती कंटाळ्याने होत नाही, आठवण न राहिल्याने होते. बँकेतून आपोआप कापले जाण्याची सोय ज्यांनी केली त्यातला जवळजवळ एकही सुटला नाही. "दर महिन्याला मी पाठवीन" म्हणणारे चौथ्या महिन्यात थांबले. त्यांना पैशाची आठवण करण्यापेक्षा शिबिराची बातमी पाठवली की पैसे येतात. कोरचीकडच्या मुलीने पहिल्यांदा ग्रामसभेत हिशेब विचारला, असं चार ओळींत लिहायचं. नाव आणि फोटो तिला विचारून, आणि तिने नको म्हटलं तर नाही. ४२,००० देऊन एकाचं अख्खं वर्ष उचलणारे पाच जण मिळाले, २,१०,००० झाले. त्यांना "माझी मुलगी कोणती?" असं विचारायची सवय असते. आम्ही कुणाला कुणाशी जोडत नाही, पैसे तुकडीचे आहेत, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. नंतर सांगितलं तर मन दुखावतं.

८०जीच्या सुटीवर फार भिस्त ठेवू नका. पगारदार माणसं आता बहुतेक नव्या करपद्धतीत आहेत आणि तिथे ती सूट मिळत नाही. तरी पावती चोख हवी. २,००० च्या वर रोख दिले तर त्याला सूट नाहीच, म्हणून रोख त्या मर्यादेतच घेतली. देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन पावतीवरच लिहून घ्यायचं. मे महिन्यात साठ लोकांना फोन करून पॅन मागण्याची वेळ एकदा आली, ती पुन्हा नको. देणग्यांचं विवरण, म्हणजे १०बीडी, ३१ मेपर्यंत भरावं लागायचं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. भरण्याआधी सीएकडून ताजे क्रमांक घ्या. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. कार्यकर्त्याच्या नंबरवर "तात्पुरते" आलेले पैसे हिशेबात आणताना सगळ्यांच्याच मनात शंका राहते. झाडीपट्टीच्या नाटकाच्या वेळी डबा फिरवायचा विचार होता, तोही सोडला. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यावर ३० टक्के कर लागतो. त्यापेक्षा नाटकाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन दोघं बसले. रक्कम कमी आली, पण सगळी नावासकट.

आता कंपनी. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. मागणाऱ्या संस्थेकडे प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंदणी आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा. अनुभव कमी असेल तर घाई करू नये, आधी गावाच्या पैशावर दोन तुकड्या काढाव्यात. आमची खरी अडचण वेगळी होती. सीएसआरचा पैसा कशावर खर्च करता येतो याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, त्यात "नेतृत्व" असा शब्द नाही. शिक्षण आहे, महिलांचं सक्षमीकरण आहे, उपजीविका आहे, ग्रामविकास आहे. "नेतृत्व विकास कार्यक्रम" या नावाने पाठवलेले पहिले तीन प्रस्ताव उत्तराशिवाय पडून राहिले. चौथ्यात मजकूर तोच ठेवला, पण प्रत्येक भागासमोर परिशिष्टातली बाब लिहिली: वनोपज विक्रीचं प्रशिक्षण उपजीविकेखाली, १८ बायांचा सहभाग महिला सक्षमीकरणाखाली, ग्रामसभेचा आराखडा ग्रामविकासाखाली. तीन आठवड्यांत फोन आला. यात खोटं काही नव्हतं. काम काय ते आम्हाला ठाऊक होतं, फक्त ते त्यांच्या फायलीत कुठल्या रकान्यात बसतं हे आधी सांगितलं नव्हतं.

फोनवर पहिलं वाक्य होतं, "प्रशासकीय खर्च पाच टक्केच चालेल, संयोजकाचा पगार काढा." हे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळेल, म्हणून नीट सांगतो. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात येत नाही. नियमातली ती व्याख्या छापून, ओळीखाली रेघ मारून, अंदाजपत्रकाला जोडा. आम्ही जोडली, पगार राहिला.

दुसरी अडचण मार्चची. वर्षाअखेरीला कंपनीकडे पैसे उरलेले असतात आणि २० मार्चला विचारणा येते, "३१ पर्यंत खर्च दाखवाल का?" नाही म्हणायला जीव होत नाही, पण नाहीच म्हणावं. चेक दिला म्हणजे खर्च झाला असं धरलं जात नाही, संस्थेने तो खरंच खर्च करावा लागतो. त्याऐवजी संचालक मंडळाच्या ठरावात हा "चालू प्रकल्प" म्हणून घ्या असं सुचवावं. मग उरलेली रक्कम त्यांना ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. आम्हाला एका कंपनीकडून ४,५०,००० याच वाटेने मिळाले. मुंबईतल्या एका कौटुंबिक न्यासाकडून २,००,००० आले, त्यांनी एकच गोष्ट विचारली: गावं किती देतात? ठरावांच्या प्रती पुढे ठेवल्या.

राजकारणाबद्दल सगळेच विचारतात. शिकलेली मुलं निवडणुकीला उभी राहतील, मग? राहावीतच. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तिथे आमचा आक्षेप नाही. पक्षाच्या चिन्हावर उभं राहणाऱ्याने त्या काळापुरतं शिबिरातून बाजूला व्हायचं, आचारसंहितेत गावात कुठलाही जाहीर कार्यक्रम ठेवायचा नाही, असं लिहून दिलं. लिहून दिल्यावर शंका संपली.

परदेशातल्या मराठी माणसांकडूनही विचारणा झाली. इथे चांगल्या मनाने मोठी चूक होते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भाच्याने पाठवलेले पैसे विदेशीच, मग तो वडशाचा का असेना आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयाला मिळणारं) का असेना. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं याशिवाय ते घेता येत नाहीत. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेकडून फिरवूनही घेता येत नाहीत, २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. म्हणून पासपोर्टची प्रत आधी मागायची, खाते क्रमांक नंतर द्यायचा. एकांचे १०,००० आम्ही नम्रपणे नाकारले. त्यांना कारण पटलं आणि त्यांनी नागपुरातल्या चार मित्रांची ओळख करून दिली.

बेरीज १२,६०,००० ची झाली, तरी पहिल्या शिबिराच्या दिवशी खात्यात तेवढे नव्हते. कंपनीचा पहिला हप्ता करार झाल्यावर अडीच महिन्यांनी आला आणि शेवटचा विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, दिल्यावर. निदान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ३,१५,०००, हातात असल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. एकदा बोलावून रद्द केलेलं शिबिर गाव विसरत नाही.

अटीप्रमाणे जानेवारीत १२ ही ग्रामसभांत हिशेब वाचला. कुरखेड्याकडच्या एका गावात मागे बसलेल्या बाईने विचारलं, "तांदूळ आमचा होता, मग जेवणाचे ४५० च कसे?" तिचं बरोबर होतं. २१० किलो तांदूळ ३२ रुपयांनी धरला तर ६,७२० होतात, आणि ७०० माणसदिवसांवर वाटले तर दिवसाला साडेनऊ-दहा रुपये. ती रक्कम आम्ही आकस्मिक खर्चाच्या ओळीत वळवली होती, पण वाचताना सांगितलं नव्हतं. तिथेच वहीत दुरुस्ती लिहिली, आणि पुढच्या तुकडीला जेवणाचा दर ४४० धरला.